गाणं पूर्ण वाजू द्या की हो!

सकाळी ऑफिसला जाताना रेडिओ लावते आणि रोज डोकं तापतं. "आठवतात का ते दिवस?" निवेदक ओरडतो, की पुढे तीच यादी: पेन्सिलीने गुंडाळलेली कॅसेट, गच्चीवरचा अँटेना, लिमलेटची गोळी. अहो, आठवतात ना! पण त्या दिवसांतलं गाणं लावलंत, तर त्याचे सुरुवातीचे सूर तरी ऐकू द्याल? वादकांनी जीव ओतून वाजवलेल्या तुकड्यावर तुमची बडबड, आणि शेवटचं कडवं सुरू होतंय न होतंय तोच जाहिरात. गीतकाराचं नाव नाही, संगीतकाराचं नाही. विविध भारती १९५७ पासून चालू आहे, तिथे ही नावं आवर्जून सांगतात. एका वाक्याचं तर काम! आकाशवाणीच्या 'आपली आवड' कार्यक्रमात फर्माईश करणाऱ्यांची नावंसुद्धा सांगायचे, तीही आम्ही कान देऊन ऐकायचो.

मग ती विचित्र बातमी. "परदेशात म्हणे एकाने बकरीशी लग्न केलं!" कुठे, कधी, कुणी सांगितलं, काही पत्ता नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात, हे मान्य. म्हणून मोबाइलवर आलेलं काहीही खपवायचं? वर ते रेकॉर्ड केलेलं हसू!

गप्पा मलाही हव्यात. भाजीचे भाव, लोकलची गर्दी, तुंबलेला रस्ता, खुशाल बोला. फक्त गाणं संपल्यावर बोला.