शेखाडी ते शिकागो : दहशतवादी गटामागे सरकार आहे हे ठरवायचं कसं?

हल्ला झाला की पहिल्या तासाभरातच दोन तट पडतात. एक म्हणतो, यामागे पाकिस्तान सरकारच आहे, पुरावा कसला मागता? दुसरा म्हणतो, पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा वाद टीव्हीपुरता ठेवता येत नाही. १९९३चं आरडीएक्स आपल्याच वाळूवर उतरलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही तट ‘संबंध’ हा एकच आरोप धरून भांडतात. प्रत्यक्षात ते चार आरोप आहेत. सरकारने गटाकडे कानाडोळा केला, हा पहिला. त्याला आसरा दिला, हा दुसरा. पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण दिलं, हा तिसरा. आणि अमुक हल्ला अमुक दिवशी करा असा हुकूम दिला, हा चौथा. प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा. तिसऱ्याचा पुरावा हातात असताना चौथा आरोप ठोकला की समोरचा चौथा खोडून काढतो आणि तिसऱ्यातूनही सुटतो. माझा सगळा आक्षेप याला आहे.

कायदाही असाच पाहतो. १९८६ साली निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की अमेरिकेने निकाराग्वा सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण दिलं, तरी तेवढ्यावरून त्यांचं प्रत्येक कृत्य अमेरिकेचं ठरत नाही. त्या त्या कारवाईवर ‘प्रभावी नियंत्रण’ दिसलं पाहिजे. पण शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हाच बेकायदा हस्तक्षेप आहे, असं सांगून त्याबद्दल अमेरिकेला दोषी धरलंच. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने १९९९मध्ये कसोटी सैल केली, २००७मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पुन्हा कडक कसोटीच उचलून धरली. सुरक्षा परिषदेचा १३७३ क्रमांकाचा ठराव, २८ सप्टेंबर २००१चा, दहशतवाद्यांना सक्रिय किंवा निष्क्रिय कसलीही मदत करायला आणि आसरा द्यायला सगळ्या देशांना मनाई करतो. म्हणजे पाकिस्तानला जबाबदार धरायला चौथा आरोप सिद्ध करावाच लागतो असं नाही. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी बोलली जाते.

आता आपला किनारा. जानेवारी १९९३मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला माल उतरला. १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली. या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ला दिला आणि त्यात पाकिस्तानातल्या प्रशिक्षणाबद्दल, आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेच्या भूमिकेबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलं. आधार मुख्यतः आरोपींचे कबुलीजबाब. दुबईहून इस्लामाबादला विमानाने नेलं, तिथल्या विमानतळावरून नेहमीची तपासणी न होता बाहेर काढलं, आरडीएक्स आणि एके-५६ हाताळायला शिकवलं.

हे कबुलीजबाब टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १५ खालचे, म्हणजे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेले. साध्या कायद्यात पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, टाडात ठरत होता. विरोधक नेमकं इथेच बोट ठेवतात, आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. उत्तर असं, की एका जबाबावर भिस्त नव्हती. वेगवेगळ्या आरोपींनी सांगितलेला मार्ग एकमेकांशी जुळतो, आणि सांगितलेला माल प्रत्यक्षात सापडला. शिवाय विमानतळावरची तपासणी टाळून माणसं बाहेर काढणं हे एखाद्या टोळीवाल्याच्या हातात नसतं, त्याला सरकारी यंत्रणेतलाच माणूस लागतो. एवढ्यावर तिसरा आरोप पक्का उभा राहतो. चौथ्यासाठी, म्हणजे १२ मार्चचा हुकूम इस्लामाबादहून निघाला असं म्हणायला, या निकालाचा आधार पुरत नाही.

याच निकालातली दुसरी गोष्ट आपल्याला बोचणारी आहे. म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी दिघीचा माल अडवला होता. लाच ठरली, रोकड हाताशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या आणि गाड्या पुढे गेल्या. पोलीस आणि कस्टमचे अधिकारी यात दोषी ठरले. ‘आम्हाला वाटलं चांदीचं लँडिंग आहे’ हा बचाव टिकला नाही. पाकिस्तानला दोष देताना हे पान झाकणाऱ्यांचा मला संताप येतो. परक्या सरकारने पाठवलेला माल आपल्याच माणसांनी सोडला. एकाचा गुन्हा सांगितला म्हणून दुसऱ्याचा हलका होत नाही.

२६/११चा पुरावा याहून बळकट आहे, कारण तो वस्तूंचा आहे. हल्लेखोर ज्यातून आले त्या ‘कुबेर’ ट्रॉलरवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस मिळाले. रबरी होडीचं यामाहा इंजिन मिळालं. हल्ला चालू असताना सूत्रधारांशी झालेलं बोलणं ध्वनिमुद्रित झालं. इंटरनेटवरून फोन करण्याची सेवा न्यूजर्सीतल्या कंपनीची होती आणि तिचे पैसे इटलीहून भरले होते, म्हणून हा धागा तीन देशांत जाऊन तपासता आला. १२ फेब्रुवारी २००९ला खुद्द पाकिस्तानच्या गृहखात्याच्या प्रमुखांनी कबूल केलं की कटाचा काही भाग त्यांच्या भूमीवर शिजला. लष्कर-ए-तैयबाचा हात इथे संपूर्ण सिद्ध होतो. सरकारचा हात सिद्ध करायला मात्र पुढची कडी लागते, आणि ती कडी म्हणजे हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली.

हेडलीने शिकागोत २०११मध्ये शपथेवर सांगितलं की ‘मेजर इक्बाल’ हा आयएसआयचा अधिकारी आपल्याला कामं सांगत होता. त्याने टेहळणीसाठी सुमारे २५,००० डॉलर दिल्याचं अमेरिकी आरोपपत्रात आहे. आता त्रुटी बघा. हेडलीने फाशी आणि भारताकडची पाठवणी टाळण्याच्या सौद्यात साक्ष दिली. आरोपपत्रात मेजर इक्बालचं नाव आहे, पण आयएसआयचा उल्लेख नाही. सौद्यातला साक्षीदार खोटाच असतो असं नाही, पण त्याच्या शब्दाला स्वतंत्र जोड लागते. ईमेल, पैशांच्या नोंदी, फोन. त्या जोडीने एका अधिकाऱ्याचा सहभाग दाट दिसतो. तो अधिकारी संस्थेच्या आदेशाने वागत होता की आपल्या गटाच्या, इथे पुरावा विरळ होतो.

न्यूयॉर्कमध्ये पीडितांच्या नातेवाइकांनी आयएसआयवर दावा लावला होता. डिसेंबर २०१२मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी सरकारचं संरक्षण पुढे केलं आणि आयएसआय त्यातून वगळली गेली. याला ‘निर्दोष सुटका’ म्हणून नाचवणारे चूक करतात. न्यायालयाने पुरावा तपासलाच नाही, दावा चालवता येत नाही एवढंच सांगितलं.

घाईचा आरोप किती महागात पडतो ते इराकने दाखवलं. ५ फेब्रुवारी २००३ला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेत सद्दाम आणि अल-कायदा यांचा संबंध मांडला. त्यातला प्रशिक्षणाचा दावा इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याच्या जबाबावर उभा होता. अमेरिकेने या कैद्याला दुसऱ्या देशाच्या ताब्यात दिलं असताना तो जबाब छळाखाली घेतलेला होता. पुढे त्याने तो मागे घेतला. २००४मध्ये ९/११ आयोगाने सांगितलं की दोघांत भेटीगाठी झाल्या, पण मिळून हल्ले करण्याचं नातं आढळलं नाही. भेट आणि मदत यांतला फरक गाळला आणि युद्ध झालं.

आपल्याकडेही असा प्रसंग आला. १८ ऑगस्ट २०२२ला हरिहरेश्वरला एक बोट लागली, आत तीन एके-४७. शेखाडी तिथून लांब नाही, त्यामुळे लोकांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. पण बोट ऑस्ट्रेलियन मालकीची निघाली. जूनमध्ये मस्कतजवळ इंजिन बंद पडलं, माणसांना कोरियन जहाजाने उचललं, बोट पावसाळी समुद्रात वाहत आली. गृहमंत्र्यांनी त्याच दिवशी विधानसभेत ते सांगितलं. बोटीची नोंदणी आणि मालकी शोधली म्हणून गोष्ट एका दिवसात निवळली.

म्हणून बंदरावरच्या मंडळींना कळकळीचं सांगणं. अनोळखी होडी दिसली तर १०९३ला कळवा. चढू नका, इंजिनाला हात लावू नका, नंबर खरवडलेला दिसला तर पुसू नका. जीपीएस किंवा फोन सुरू करून बघू नका, आतल्या नोंदी त्यानेच बिघडतात. लांबून फोटो काढा, वेळ आणि भरती-ओहोटी लिहून ठेवा. खालच्या वस्तू अशा शाबूत राहिल्या तरच वरच्या आरोपाला पाया मिळतो.

हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५मध्ये भारतात आणलं आहे. त्याच्या खटल्यात मी एकच गोष्ट बघणार आहे: मेजर इक्बालची ओळख हेडलीच्या शब्दाशिवाय दुसऱ्या कशाने पटते का. पाकिस्तानी न्यायालयांनी सूत्रधारांच्या आवाजाचे नमुने घेऊ दिले नाहीत. ध्वनिमुद्रणं आपल्याकडे आहेत, जुळवायला आवाज हवेत. भारताने प्रत्येक व्यासपीठावर ही मागणी लावून धरावी. ‘पाकिस्तानने हल्ला केला हे मान्य करा’ म्हटलं की उत्तर टाळता येतं. ‘या सूत्रधारांचे आवाज द्या’ म्हटलं की नकार द्यावा लागतो, आणि तो नकारही नोंदला जातो.