ट्रिथेमियस मांत्रिक होता की नव्हता, या वादात दोन्ही बाजू अर्धवट आहेत

योहानेस ट्रिथेमियस या पाचशे वर्षांपूर्वीच्या जर्मन मठाधिपतीचं नाव निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, सैतानाशी संधान बांधलेला मांत्रिक. दुसरा म्हणतो, छे हो, मंत्र-बिंत्र सगळं सोंग, माणूस निव्वळ गुप्तलेखनाचा पंडित होता. हल्ली दुसऱ्या तटाची चलती आहे. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी माणूस बघू. जन्म १४६२ चा, मोझेल नदीकाठच्या ट्रिटेनहाइमचा. सावत्र बापाला शिक्षणाचं वावडं, म्हणून लिहा-वाचायला चोरून शिकला. १४८२ मध्ये हिमवादळात अडकला आणि आसऱ्यासाठी श्पोनहाइमच्या बेनेडिक्टाइन मठात शिरला, तो तिथलाच झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या २१ व्या वर्षी, मठाधिपती. मठात पन्नासभरही ग्रंथ नव्हते. १५०५ पर्यंत ते दोन हजारांच्या आसपास गेले. छपाई जोरात असताना हा गडी हाताने नकला करण्याची थोरवी गात होता. चर्मपत्रावरचं हजार वर्षं टिकेल, छापील कागद दोनशे, असा त्याचा हिशोब. आणि हे सांगणारं पुस्तक १४९४ मध्ये मायन्झला चक्क छापून घेतलं!

घोळ सुरू झाला १४९९ मध्ये. गेंटच्या आर्नोल्ड बोस्टियस या मित्राला त्याने पत्र लिहिलं: असा ग्रंथ लिहितोय की जग थक्क होईल, दूरवर निरोप जाईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. पत्र पोचण्याआधीच बोस्टियस वारला. ते दुसऱ्यांनी फोडलं, आणि गावभर बोभाटा. पुढे शार्ल द बोव्हेल नावाचा फ्रेंच विद्वान मठात पाहुणा आला, त्याने या ग्रंथाचं, म्हणजे 'स्टेगानोग्राफिया'चं, हस्तलिखित चाळलं आणि नंतर लिहून टाकलं की हे भुताखेतांचं पुस्तक आहे.

बोव्हेलला नुसता दोष देऊन चालणार नाही. पुस्तक दिसतंच तसं. प्रत्येक प्रकरणाला एक भूत, त्याची दिशा, त्याचे हाताखालचे चाकर, आणि बोलवायचा मंत्र. पादिएल नावाच्या भुताचा मंत्र असा सुरू होतो: 'पादिएल आपोर्सी मेसार्पोन ओमेउआस पेलुदिन माल्प्रेआक्सो'. आता एक सोडून एक शब्द घ्या, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा. बाकीचे नुसती भरती. दुसरा शब्द रोमन लिपीत ए, पी, ओ, आर, एस, वाय असा आहे. त्यातही एक सोडून एक अक्षर उचला: पी, आर, वाय. चौथ्यात ओ, एम, ई, यू, ए, एस. त्यातून एम, यू, एस. सहाव्यातून ए, पी, ई, एक्स. जोडलं की लॅटिन शब्द पडतात: 'प्रिमुस आपेक्स', पहिलं अक्षर. म्हणजे मंत्रच किल्ली. भुताचं नाव एवढंच सांगतं की कुठली अक्षरं उचलायची, आणि भूत बदललं की नियम बदलतो. नक्कल करणाऱ्याने निरर्थक शब्द समजून एखादा गाळला की पुढची सगळी मोजणी घसरते. अशा मजकुरात चूक डोळ्याला दिसतही नाही.

तिसऱ्या भागात ग्रहांचे देवदूत आणि आकड्यांचे तक्ते येतात. तिथे भलेभले हरले, आणि 'हा भाग तरी जादूच' असं शतकानुशतकं मानलं गेलं. १९९० च्या दशकात थॉमस अर्न्स्ट आणि जिम रीड्स यांनी एकमेकांच्या नकळत तो सोडवला: आकड्याला २५ ने भागा, उरलेली बाकी म्हणजे अक्षर. आतून निघालं काय, तर पत्र आणणारा लुच्चा आणि चोर आहे, त्याच्यापासून जपून राहा, असा जर्मन निरोप. देवदूतांनी वाहून आणलेला!

इथे दुसरा तट टाळ्या पिटतो आणि थांबतो. पण याच माणसाने १५०८ मध्ये 'आंतिपालुस' हा चेटूकविरोधी ग्रंथ लिहिला. सम्राट माक्सिमिलियानच्या आठ प्रश्नांना उत्तरं देताना भुतांचे सहा प्रकार मांडले: अग्नीतले, हवेतले, जमिनीवरचे, पाण्यातले, भूगर्भातले आणि उजेडाला भिणारे. चेटकिणींना कडक शिक्षा व्हावी, हे त्याचं प्रामाणिक मत होतं. यात सांकेतिक काहीही नाही. मिस्सा करणारा, मठात शिस्त आणू पाहणारा हा कॅथलिक भुतांना खरं मानत होता आणि भुतांच्या नावांनी कोडीही घालत होता. त्याला त्यात विसंगती वाटली नाही, आपल्याला वाटते.

१५०७ च्या एका पत्रात तो फाउस्ट नावाच्या मांत्रिकावर तुटून पडतो: भटक्या, बढाईखोर, फटक्यांच्या लायकीचा. बढाईबद्दल बोलायचा याला कितपत अधिकार? फ्रँक लोकांचा इतिहास लिहिताना हुनिबाल्ड नावाचा जुना बखरकार त्याने बहुधा स्वतःच घडवला होता. असल्या माणसाने 'माझ्याकडे मोठं गुपित आहे' म्हणून दवंडी पिटायची आणि मग आळ आला की रडायचं, हे मला तरी झेपत नाही. आग्रिप्पा या तरुण चेल्याला १५१० मध्ये त्याने सल्ला दिला की बैलाला वैरण घालावी, साखर पोपटालाच; म्हणजे गुपित लायक माणसालाच सांगावं. स्वतःला हा सल्ला दहा वर्षं आधी दिला असता तर बरं झालं असतं.

तो बाहेर असताना श्पोनहाइमचे साधू उलटले. ग्रंथालय तिथेच सोडून १५०६ मध्ये तो वुर्झबुर्गच्या सेंट जेम्स मठात गेला आणि १३ डिसेंबर १५१६ ला, ५४ व्या वर्षी तिथेच वारला. ना सैतान न्यायला आला, ना चौकशी बसली. त्याचं गुप्तलेखनावरचं दुसरं, निरुपद्रवी पुस्तक 'पॉलिग्राफिया' १५१८ मध्ये छापून निघालं. त्यात एकेका अक्षराऐवजी प्रार्थनेतला एकेक शब्द येतो, त्यामुळे गुप्त पत्र जपासारखं वाचता येतं. त्यातल्याच अक्षरांच्या २४ बाय २४ च्या चौकोनात दर ओळ एक घर सरकते. पण स्वतंत्र किल्ली, म्हणजे दोघांनाच माहीत असलेला परवलीचा शब्द, नाही; पद्धत माहीत असलेला कोणीही वाचणार. किल्लीची भर बेलासो या इटालियन गुप्तलेखकाने १५५३ मध्ये घातली. 'स्टेगानोग्राफिया' १६०६ मध्ये छापलं गेलं आणि १६०९ मध्ये चर्चने त्यावर बंदी घातली. म्हणजे जिवंतपणी चर्चने त्याला हात लावला नाही, मेल्यावर ९३ वर्षांनी लावला.

राहता राहिला चेला. १५१९ मध्ये मेट्झला एका बाईवर चेटकाचा आरोप आला, तेव्हा आग्रिप्पा तिच्या बाजूने उभा राहिला आणि तिला सोडवलं. गुरू त्या जागी असता, तर त्याने हे केलं असतं असं मला अजिबात वाटत नाही.