खिशावरचा डाग

परवा संध्याकाळी माझ्या शर्टाचे जाहीर कौतुक झाले आणि त्या कौतुकाचा राग अजून उतरलेला नाही.

प्रायोगिक कलामहोत्सवाचे उद्घाटन होते, निमंत्रण एका मित्राचे होते आणि मित्र स्वतः आला नव्हता; एवढे प्रास्ताविक पुरे. पत्रिकेत पोशाखाविषयी एक अक्षर नव्हते. जिथे कोणताही पोशाख चालतो तिथे नेमका आपलाच चालत नाही, हे मला दारातच उमगले.

आत सगळे काळ्या कपड्यांत होते. कुणाच्या तरी निधनाची बातमी मी सोडून सर्वांना कळली असावी, असे क्षणभर वाटले. या काळ्या रंगाला इतिहास आहे, हे मान्य. रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या जपानी फॅशन डिझायनरांनी १९८१ साली पॅरिसमध्ये काळे, ढगळ कपडे मांडले तेव्हा तिथले समीक्षक हबकले होते. पुढच्याच वर्षी कावाकुबोबाईंनी भोके पडलेले स्वेटर आणले आणि त्या भोकांना लेस म्हटले. अशी लेस आमच्या कपाटातही कसर दरवर्षी विणते, पण आम्ही तिला नावे ठेवतो. कसरीचा आणि कलेचा संबंध तसा जवळचा आहे. योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९७० साली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सूटच्या शंभर प्रती काढल्या. त्यांतली लंडनच्या टेट संग्रहालयातली प्रत कसरीने इतकी खाल्ली की शेवटी ती संग्रहातूनच वगळावी लागली.

काळ्यांच्या खालोखाल संख्या होती ती कामगारांच्या निळ्या जाकिटांची. त्यांवर रंगाचे शिंतोडे होते, कोपरांवर ठिगळे होती आणि ती घालणाऱ्यांचे हात मात्र लोण्यासारखे मऊ होते. तसलेच जाकीट घातलेला एक खराखुरा वायरमन शिडीवर चढून काहीतरी दुरुस्त करत होता. त्याच्या जाकिटावर एकही डाग नव्हता. खाली सात-आठ जण माना वर करून त्याच्याकडे आदराने पाहत होते. "हा प्रयोग किती वेळ चालणार आहे?" असे एकाने विचारले, तेव्हा "फ्यूज बसेपर्यंत," असे उत्तर आले आणि सर्वांनी विचारपूर्वक माना डोलावल्या.

इथवर मला मजा वाटत होती. मग ते गृहस्थ आले.

त्यांच्या अंगरख्याला तीन बाह्या होत्या. दोहोंत हात होते. तिसरी छातीच्या मधोमध उगवून गुडघ्यापर्यंत रिकामी लोंबत होती. एका बाईंनी हस्तांदोलनासाठी चुकून तीच धरली आणि ती सुटेपर्यंत दोघेही कमालीचे गंभीर राहिले. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि चेहऱ्याकडे न पाहता थेट शर्टाला उद्देशून म्हणाले, "हे कुणाचे?"

"माझेच," मी म्हणालो.

"तसे नव्हे. शिवले कुणी?"

"रेडीमेड आहे."

त्यांनी डोळे मिटले. "रेडीमेड! म्हणजे थेट द्यूशाँ!"

आता मार्सेल द्यूशाँ हे फ्रेंच कलावंत तयार वस्तू उचलून कलाकृती म्हणून मांडत आणि तिला रेडीमेड म्हणत; त्यांतले सर्वांत गाजलेले म्हणजे 'आर. मट' अशी सही केलेली मुतारी, हे मला ठाऊक होते. त्यामुळे आपली तुलना कशाशी होत आहे हेही लगेच कळले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडू, असे कबूल करून बसलेल्या न्यूयॉर्कच्या संयोजकांनी १९१७ साली ती मुतारी मांडायला नकार दिला होता. त्यांनी निदान नकार तरी दिला. इथे माझा शर्ट नाकारायलासुद्धा कुणी तयार नव्हते.

"आणि हा खिशावरचा डाग?"

"पेन गळले."

"गळू दिलेत," त्यांनी दुरुस्ती केली.

"नाही, गळले. बसमध्ये. मी आत्ताच साबण लावून पाहिला."

"म्हणजे पुसण्याची धडपडही त्यातच आहे!" ते खिशावर इतके वाकले की तिसरी बाही माझ्या बुटांवर लोळू लागली. "आणि ही इस्त्री! बाहीवरची ही करकरीत घडी! केवढा निर्दय उपरोध! कारकुनाचे रूपक तुम्ही शेवटपर्यंत निभावले आहे."

"मी कारकूनच आहे," मी म्हणालो.

ते हसले, थांबले, पुन्हा हसले आणि मागच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "बघा, भूमिका सोडतच नाहीत!"

मग छायाचित्रे निघाली, सगळी मानेखालची. चेहऱ्याची गरज कुणालाच भासली नाही. एकोणीस वर्षे मी ज्या कपड्यांत कामावर जातो ते या मंडळींना सोंग वाटावे, आणि मुद्दाम फाडलेली विजार मात्र त्यांना प्रामाणिक वाटावी, हे मला अजूनही पटत नाही. गरिबीचे कपडे हौसेने घालणाऱ्याला घरी गेल्यावर ते काढून ठेवता येतात. माझ्या कपाटात त्या शर्टाखाली तसाच दुसरा शर्ट असतो.

दोन तास उभे राहून पाय दुखू लागले होते. दालनात एकच बाक होता आणि तो कलाकृती होता. मी टेकणार तोच पहारेकरी धावत आला आणि "साहेब, इथे बसायचे नाही," म्हणाला. थोड्या वेळाने तीन बाह्यांचे गृहस्थ त्याच बाकावर ऐसपैस बसले, तेव्हा तो जागचा हलला नाही. मी नजरेनेच जाब विचारला.

"त्यांनीच केला असेल तर?" तो हळूच म्हणाला. "त्यांचा अवतार बघा ना."

यावर मला उत्तर सुचले नाही. साऱ्या दालनात त्याचा गणवेश आणि माझा शर्ट, एवढ्या दोनच गोष्टींना इस्त्री होती. त्याने माझा खिसा नीट पाहिला आणि म्हणाला, "शाईला साबण नका लावू, साहेब, पसरते. स्पिरिट लावा."

काल लावले. डाग गेला, आणि त्याच्याबरोबर खिशाचा रंगही गेला; आता तिथे एक पांढुरका ढग आहे. त्या गृहस्थांनी तो पाहिला तर ते काय म्हणतील याची मला पुरेपूर कल्पना आहे, म्हणून तो शर्ट यापुढे फक्त कचेरीत घालायचे ठरवले आहे. तिथे माझ्या शर्टाकडे कुणी पाहत नाही.