बीटासमोर आधी शिसं का नको

नमस्कार,

किरणोत्सारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही आक्षेप सविस्तर मांडलेत, बरं झालं. तुमचं म्हणणं असं: अल्फा कणाला कागद अडवतो, वीतभर अंतरावर धरलेल्या जीएम काउंटरलाही (किरणोत्सार मोजणारं उपकरण) तो दिसत नाही, मग तो गॅमा किरणांपेक्षा २० पट घातक कसा? बीटासाठी (अणुकेंद्रातून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन) शिसं सोडून ॲक्रिलिक सांगणं हास्यास्पद आहे. आणि इंदूरच्या लेखात तिथलं इलेक्ट्रॉन फिरवणारं यंत्र इंडस-२ नाही.

२० हा आकडा शोषलेली ऊर्जा सारखी असतानाच लागू होतो. हे लेखात राहिलं, चूक माझी. पोलोनियम-२१० चा अल्फा ५.३ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक), पण हवेत जेमतेम ४ सेंटिमीटर जातो. त्वचेवर पडला तर वरच्या मृत थरातच संपतो. फुप्फुसात असा थर नाही; तिथे सगळी ऊर्जा मोजक्या पेशींवर ओतली जाते.

वीतभर अंतरावर तो दिसणार तरी कसा? काउंटरची प्लॅस्टिकची टोपी काढा, त्याची खिडकी स्रोतापासून सेंटिमीटरभर ठेवा. खिडकी पातळ अभ्रकाची हवी (बोट लावू नका, फुटते). धातूच्या जाड भिंतीची नळी असेल तर अल्फा आत शिरतच नाही. मग मध्ये कागद सरकवा. मोजणी घटली ती मुख्यतः अल्फाची.

आता शिसं. फॉस्फरस-३२ चे बीटा १.७१ एमईव्हीपर्यंतचे. १ सेंटिमीटर ॲक्रिलिक त्यांना पुरतं अडवतं. शिसंही अडवतं, पण जड अणुकेंद्रांजवळ इलेक्ट्रॉनला करकचून ब्रेक लागतो आणि क्ष-किरण निघतात. शिशात साधारण ५ टक्के ऊर्जा अशी जाते, ॲक्रिलिकमध्ये अर्धा टक्काही नाही. पातळ पत्र्यातून हे किरण सरळ बाहेर येतात. म्हणून स्रोताकडे ॲक्रिलिक, त्याच्या बाहेर हवं तर शिसं. क्रम उलटा केलात तर ॲक्रिलिक शोभेपुरतं.

गॅमाला मात्र शिसंच. कोबाल्ट-६० चा गॅमा सुमारे १२ मिलिमीटरला निम्मा होतो, ३६ ला एक-अष्टमांश; शून्य कधीच नाही. न्यूट्रॉनला पॅराफिन किंवा पाणी.

राहिलं आपलं कॅट (इंडस-२ असलेली इंदूरची संस्था, आताचं आरआरकॅट). इंडस-२ मधला प्रकाश अणुकेंद्रातून येत नाही. २.५ जीईव्हीचे (म्हणजे २५०० एमईव्हीचे) इलेक्ट्रॉन चुंबकांपाशी वळताना तो सोडतात; बीम गेला की तोही गेला. म्हणून लेखातल्या किरणांच्या यादीत नव्हता. मात्र तिथला बीम भरकटून नळीच्या भिंतीवर आपटला, तर तुमच्या शिशातल्यासारखेच क्ष-किरण निघतात, फक्त कितीतरी जास्त ऊर्जेचे.