पोटाचा लिम्फोमा म्हणजे सहाच महिने? अजिबात नाही

फोंडा-म्हापशाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की जठराचा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) झाला की माणूस सहा महिन्यांचा सोबती, बायोप्सी केली की तो पसरतो, पोट काढलं तरच जीव वाचतो आणि साठीनंतर केमोच्या वाटेला जाऊच नये. हे वाचून कुणी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातली तारीख चुकवली तर काय, या काळजीने लिहितेय.

सहा महिन्यांचं आधी बघू. हा एकच आजार नाहीच मुळी. माल्ट लिम्फोमा हळू वाढतो, बऱ्याच जणांत त्याच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, आणि आजार जठरापुरता असेल तर नुसत्या अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी साधारण चारातल्या तिघांचा लिम्फोमा विरतो, कधी वर्ष लागतं पण विरतो. लिम्फोमाच्या पेशींत ११ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असली तर मात्र गोळ्यांना सहसा दाद देत नाही, मग रेडिएशन वगैरे. दुसरा प्रकार डिफ्यूज लार्ज बी-सेल, तो झपाट्याने वाढतो हे खरं, पण आर-चॉप नावाच्या, अनेक औषधं एकत्र असलेल्या केमोने त्यातलेही कितीतरी जण पूर्ण बरे होतात.

आता कोण किती तरेल हे कशावर ठरतं? प्रकार, स्टेज, वय साठच्या वर आहे का, माणूस स्वतःचं स्वतः हिंडतो-फिरतो का, जठराबाहेर आणखी किती अवयवांत आहे, आणि रक्ताच्या रिपोर्टवरची एलडीएच या एन्झाइमची ओळ, ती वाढलेली असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात. म्हणजे वय हा यातला एक मुद्दा झाला, निकाल नव्हे! ऐंशीच्या पुढच्यांनासुद्धा हृदयाचा इको बघून कमी डोसची केमो देतात.

बायोप्सीने पसरतो हे साफ खोटं. एंडोस्कोपीतून चिमटीएवढे तुकडे काढल्याशिवाय प्रकारच कळत नाही, मग औषध कसलं देणार?

पोट काढायची पद्धत पूर्वी होती, आता ऑपरेशन मुख्यतः रक्तस्राव थांबत नसला, जठराला भोक पडलं किंवा वाट बंद झाली तरच.

आणि केमोआधी हिपॅटायटिस बी तपासलीय ना हे विचारा, आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅब या औषधाने तो दबलेला व्हायरस उसळू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) मागून न्या.