लोकल मागताय? रूळ तर तुमच्या मागच्या गल्लीतून गेलाय

आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय कसाबसा संपला आणि ट्रॅफिकचा निघाला. शेजारचे काका उठले आणि म्हणाले, "मुंबईसारखी लोकल आपल्या इंदूरला कधी येणार? नाहीतर मेट्रो तरी महूपर्यंत न्या म्हणावं!" टाळ्या पडल्या. लोकमान्य नगरातल्या सोसायटीत, जिथून लोकमान्य नगर स्टेशन पायी दहा मिनिटांवर आहे! एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. तेव्हापासून डोकं तडकलंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पोहे खायला जावं.

इंदूर-महू रेल्वेची स्टेशनं मोजा: इंदूर, सैफी नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, राऊ, हरण्याखेडी, महू. 21 किलोमीटरच्या आसपास लांबी आणि सात ठिकाणी गाडी थांबायची सोय. अर्धं मराठी इंदूर या रुळाच्या दोन्ही अंगांना राहतं. पुण्यात एवढ्या जवळ स्टेशन असतं तर बिल्डरने फ्लॅटच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत छापलं असतं. आपल्याकडे स्टेशनचा उल्लेख गाळून "शांत परिसर" असं छापतात.

बरं, हे काही काल-परवाचं नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी या लाइनीसाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं. 101 वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने, आणि जमीन फुकट. म्हणजे वर्षाला साडेचार लाख नुसतं व्याज, त्या काळात. 1877 साली पहिलं इंजिन हत्तींनी ओढत इंदुरात आणलं आणि 1878 पर्यंत खंडवा-इंदूर मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत मीटरभर अंतराची छोटी लाइन, पुरी झाली. नावच होतं होळकर स्टेट रेल्वे. ज्या शहराने दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेसाठी कोटभर रुपये मोजले त्या शहराला आज लोकल म्हणजे मुंबईची मक्तेदारी वाटते!

आणि काकांनी तर हे म्हणायलाच नको होतं. त्यांचे वडील अकोल्याचे. सुट्टी लागली की ट्रंका घेऊन छोट्या लाइनीने निघायचं, हे काका स्वतः दर दिवाळीला सांगतात. महू सोडलं की पातालपाणी, मग घाट. तिथला चढ 1 इन 40, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून आणखी एक इंजिन लावायचे. पुढचं ओढतंय, मागचं ढकलतंय. मागून ढकलायचं कारण नुसती ताकद नव्हे. सगळा भार पुढच्याच इंजिनावर टाकला तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो, आणि चढावर कपलिंग तुटलं तर मागचे डबे सुटून उताराला लागतात. खंडव्याच्या पुढे धूळघाटाला लाइन गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून वर जायची. लहान पोरं खिडकीतून "तो बघ खालचा रूळ" म्हणून ओरडायची. हे सगळं पाहिलेला माणूस आज विचारतो, आपल्याकडे लोकल कधी येणार!

तो जमाना गेला, त्याबद्दल रडायला बसलेलो नाही. अकोला-खंडवा छोटी लाइन 2017 च्या सुरुवातीला बंद झाली, महू-ओंकारेश्वर रोड 31 जानेवारी 2023 ला. रुंदीकरण व्हायलाच हवं होतं. तो घाट ब्रॉडगेजला (मोठ्या लाइनीला) आहे तसा चालणारच नव्हता, नवा रेल्वेमार्ग डोंगरातून लांबून काढावा लागतो, त्याला वेळ लागणार. 14 एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्मभूमीला येणारी महाराष्ट्रातली माणसं तोवर खंडव्याहून बस धरतात. चालायचंच. पण इंदूर-महू हा तुकडा तर 2016 मध्येच ब्रॉडगेज होऊन बसलाय! तिथे काय अडलंय?

अडलंय ते सांगतो, आणि इथे मात्र भाषणबाजी नको, नीट समजून घ्या.

ब्रॉडगेज झाल्याबरोबर लांब पल्ल्याच्या गाड्या महूपर्यंत वाढवल्या. माळवा एक्सप्रेस महूहून सुटते, आणखीही सुटतात. इंदूर स्टेशनला जागा पुरत नाही, मग रिकामी गाडी ठेवायची कुठे? महूला. म्हणजे ही लाइन इंदूरच्या लांबच्या गाड्यांचं पार्किंग झाली. मान्य, बावीस डब्यांची गाडी पिट लाइनवर (खाली खड्डा असलेल्या रुळावर) घेऊन खालून तपासायची, ब्रेक बघायचे, धुवायची, पाणी भरायचं, याला सहा तास लागतात आणि ते काम फलाटावर होत नाही. तिची सोय कुठेतरी व्हायलाच हवी. पण म्हणून रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला उरलेल्या फटीत कोंबायचं?

काकांची सून महूच्या एका शाळेत शिकवते. तिने सुरुवातीला रेल्वेचा मासिक पास काढला होता. एक दिवस संध्याकाळी गाडी राऊला उभी राहिली ती राहिलीच. समोरून एक्सप्रेस येणार होती, ती लेट. एक्सप्रेस गेली, मग ही सुटली. असं दोन-चारदा झालं, पोरीने पास सोडला आणि कार काढली. आता राऊच्या सर्कलला रोज जाममध्ये उभी असते. काका म्हणतात, "बघा, म्हणून मेट्रो पाहिजे."

अहो काका, ती गाडी राऊला का उभी राहिली ते तरी विचारा. एकच रूळ असेल तर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. पूर्वी ड्रायव्हरच्या हातात टोकनचा लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी हलत नसे. वेताच्या रिंगणाला कातडी पिशवी, तिच्यात गोळा. आता ते काम पॅनेलवर होतं, नियम तोच. समोरची गाडी स्टेशनात पुरी आत आली, शेवटच्या डब्याची खूण दिसली, तेव्हाच पुढच्या गाडीला लाइन क्लिअर, म्हणजे निघायची परवानगी. आणि गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसच्या लेखी मेल-एक्सप्रेस आधी, पॅसेंजर नंतर. एक्सप्रेस उज्जैनकडून पंचवीस मिनिटं लेट आली की ती पंचवीस मिनिटं जशीच्या तशी पॅसेंजरच्या माथी येतात.

आता कुणी म्हणेल, मग एका रुळावर लोकल शक्यच नाही. खोटं! रेल्वेचंच एक जुनं सूत्र आहे, स्कॉटचं सूत्र म्हणतात. दिवसाची 1440 मिनिटं घ्या. त्याला दोन क्रॉसिंग स्टेशनांमधल्या (जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात) सगळ्यात हळू गाडीच्या वेळेने भागा, त्या वेळेत लाइन क्लिअर घ्यायची पाचेक मिनिटं धरून. आलेल्या आकड्याचे 70 टक्के म्हणजे त्या तुकड्याची क्षमता. राऊ-महू नऊ-दहा किलोमीटर. मध्ये हरण्याखेडीला थांबून पंधरा मिनिटं धरा, अधिक पाच, झाली वीस. 1440 भागिले 20 म्हणजे 72, त्याचे 70 टक्के 50. जाणाऱ्या-येणाऱ्या मिळून पन्नास गाड्या, आणि हे एका रुळावर! राऊ-महू दुहेरीकरण हाती घेतलं ते उत्तमच झालं. दुसरा रूळ पडला की जाणाऱ्याला येणाऱ्याची वाट बघावी लागत नाही आणि क्षमता दुपटीपेक्षाही जास्त वाढते. तेव्हा रूळ नाही हे कारण सांगू नका. खरी खोट वेळापत्रकात आहे.

वेळापत्रकाची आणखी एक गंमत. वक्तशीरपणा मोजतात शेवटच्या स्टेशनवर. मग काय करतात, शेवटून दुसऱ्या स्टेशनपासून शेवटच्या स्टेशनपर्यंत कागदावर भरपूर जास्तीची मिनिटं घालून ठेवतात. मधे कितीही रखडली तरी शेवटी गाडी "वेळेवर"! दिल्लीहून येणाऱ्या माणसाला त्याने फरक पडत नाही. पण ज्याचा अख्खा प्रवासच अर्ध्या-पाऊण तासाचा, त्याच्या गाडीत ही चरबी घातली की तो बसने जाणारच.

गाडीचं म्हणाल तर या लाइनीला डेमूच योग्य. दोन्ही टोकांना पॉवर कार, तिच्यात डिझेल इंजिन जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालतात. दोन्हीकडे ड्रायव्हरची केबिन. महूला पोचल्यावर इंजिन सोडा, दुसऱ्या रुळावरून फिरवून आणा, पुन्हा जोडा, ही भानगड नाही. ड्रायव्हरने केबिन बदलायची, ब्रेकचा दाब शेवटपर्यंत पोचतोय का बघायचं, मागचा दिवा बदलायचा, दहा मिनिटांत परत निघायचं. पण दोनपैकी एक पॉवर कार आजारी पडली आणि गाडी तशीच चालवली, की वेग धरायला वेळ लागतो. तीन-तीन किलोमीटरवर थांबे असतील तर प्रत्येक थांब्याला मिनिट-दीड मिनिट गेलं. सहा थांबे मोजा. मग राऊचं क्रॉसिंग चुकलं, एक्सप्रेस आधी गेली, आणि आमची सूनबाई पुन्हा उभी!

फलाटांचा विषय काढला की मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून 760 ते 840 मिलिमीटर असतो, मधला 455, आणि काही ठिकाणी नुसता रुळाच्या पातळीचा. डब्याची जमीन मीटरभराहून वर. उंच फलाटावरून एक पायरी, खालच्या फलाटावरून शिडी. तरुण पोरं उडी मारून चढतात. काकूंचे गुडघे दोन वर्षांपूर्वी बदललेत, त्या कशा चढणार? काका लोकल-लोकल करतात त्यामागे हेही आहे, हे मला कळतं. मुलीकडे महूला जायचं तर काकूंना दर वेळी कुणाच्यातरी गाडीची वाट बघावी लागते. तोंडाने ते मेट्रो म्हणतात, मनात पायरी असते. आणि फलाट नीचा असला की प्रत्येक थांब्याला चढ-उतार अर्ध्या मिनिटाऐवजी दीड मिनिट घेते, म्हणजे वेळापत्रक तिथेही सांडतं.

पण म्हणून मेट्रो? 31 मे 2025 ला आपली मेट्रो सुरू झाली, पाच स्टेशनं, जेमतेम सहा किलोमीटर, तीही सुपर कॉरिडॉर नावाच्या बाहेरच्या रस्त्याकडे. छान आहे, चकचकीत आहे, मीही कौतुक केलं. ती शहराच्या आत हवीच. पण तिला महूपर्यंत खांबांवरून न्यायचं, आणि खाली तयार रूळ, तयार स्टेशनं, तयार सिग्नल दिवसातले तासन्‌तास रिकामे पडून राहणार? हा कुठला हिशेब? रेल्वेचं किमान तिकीट 10 रुपये आहे हो! कोविडमध्ये पॅसेंजरला स्पेशल म्हणून 30 केलं होतं, 2024 मध्ये परत 10 झालं. दहा रुपयांत आजकाल सराफ्याच्या खाऊगल्लीत काय मिळतं सांगा.

तेव्हा काका (आणि टाळ्या वाजवणारे सगळे), पुढच्या मीटिंगला रेल्वेच्या मंडळ कार्यालयाला अर्ज करायचाच असेल तर त्यात "मुंबईसारखी लोकल द्या" असं लिहू नका. ते पत्र फायलीत जातं. नेमकं लिहा. सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 या वेळात इंदूर-महू दर 40 मिनिटांनी डेमू, दोन रेक (डब्यांचे अख्खे संच) कायम याच तुकड्यावर, रतलामला किंवा आणखी लांब न पाठवता. कारण लांबून आलेली गाडी तिकडचा उशीर घेऊन येते. त्या तीन-तीन तासांत रिकामे रेक महूला न्यायचे नाहीत, ते दुपारी नाहीतर रात्री न्या. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर आणि राऊला फलाटाची लांबी आणि उंची किती, ती किती हवी, मिलिमीटरमध्ये लिहा. आणि रात्री दहानंतर इंदूरहून एक गाडी मागा, म्हणजे सानंद या आपल्या मराठी संस्थेचं नाटक बघायला आलेल्या महूकरांना तिसऱ्या अंकात उठून पळावं लागणार नाही.

नवं वेळापत्रक छापून येतं त्याच्या कितीतरी महिने आधी त्याचे प्रस्ताव जातात. छापल्यावर बोंब मारून उपयोग नाही. अर्जाचा मसुदा मी करून देतो, सह्या काकांनी गोळा कराव्या. त्यांना सगळी सोसायटी नाही म्हणत नाही.