कोर्स ‘कम्प्लीट’ झाला एकदाचा

महिनाअखेर. डोक्यावर रिपोर्ट. आणि सकाळी सकाळी मेल येऊन पडलेला, ‘आपले अनिवार्य प्रशिक्षण अपूर्ण आहे.’ सीसीत साहेब. जणू मी कुणाचे पैसे बुडवलेत.

उघडला बाई कोर्स. विषय माहिती सुरक्षा. गेल्या वर्षीचाच आहे, फक्त यंदा कोपऱ्यात एक कार्टून बाई उभी केलीय आणि ती डोळे मिचकावते. एंगेजमेंट वाढावी म्हणून! स्क्रीनवर लिहिलेलंच एक आवाज वाचून दाखवतो, तेही रेंगाळत रेंगाळत. माझं वाचून कधीच झालेलं असतं, पण त्याचं संपल्याशिवाय ‘नेक्स्ट’ बटण उघडत नाही. दुसऱ्या टॅबवर गेलं की व्हिडिओ थांबतो. म्हणजे हे कुणी आपणहून बघणार नाही याची बनवणाऱ्यालाच खात्री आहे. शेवटी क्विझ. चारांतला सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर, आणि ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं तर प्रश्न वाचायचीही गरज नाही. पास झाल्यावर स्क्रीनभर कॉन्फेटी उडाली आणि मला ‘सायबर योद्धा’ असा बॅज मिळाला.

घराचे हप्ते भरणाऱ्या, टीम सांभाळणाऱ्या माणसांवर रंगीत कपटे उधळायचे आणि समजायचं की यांना मजा आली. कमाल आहे.

मला राग शिकण्याचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. उलट या विषयात मी आयुष्यात एकदाच काही शिकले ते अजून विसरलेले नाही, आणि ते कुठल्याही कोर्समध्ये नव्हतं. आधीच्या नोकरीत आयटीत एक मुलगा होता. त्याने एक दिवस आमच्या मजल्यावर खोटा मेल सोडला. अगदी आमच्या कामाचा. नेहमीच्या पुरवठादाराचं नाव, थकलेल्या बिलाची आठवण, खाली लिंक. अकाउंट्समधल्या सीनियर मॅडमनी केलं क्लिक. आता व्हायला काय हवं होतं? त्यांच्या नावावर अजून एक कोर्स लागायला हवा होता, बरोबर? तो खुर्ची ओढत त्यांच्या टेबलाशी येऊन बसला, मेलमधली अक्षरं मोठी केली आणि म्हणाला, ‘मॅडम, हा पत्ता एकेक अक्षर मोठ्याने वाचा ना.’ मॅडम वाचत गेल्या आणि एका जागी थबकल्या. एम नव्हताच तो. आर आणि एन शेजारी शेजारी चिकटून बसले होते. ‘अगं बाई!’ म्हणून त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की आम्ही सगळे उठून बघायला गेलो. वर त्याला म्हणतात कशा, ‘आता दुसरा पाठव, बघते कशी फसते ते.’

यात कार्टून कुठे होतं सांगा मला. बॅज कुठे होता?

मजा होती ती स्वतः ठरवण्यात, फसण्यात आणि फसवणूक आपल्या डोळ्यांनी पकडण्यात. आणि मेल आमच्याच कामाचा होता. आजच्या कोर्समध्ये ‘श्री. क’ नावाचा कुणीतरी ‘संस्थेची संवेदनशील माहिती’ ‘अनधिकृत व्यक्तीस’ देतो. कोण हा क? कसली माहिती? मी बिलं पास करते, मला बिलांतली गोम दाखवा. गोदामातल्या माणसाला गोदामातली दाखवा. सगळ्यांना एकच गोधडी पांघरायची आणि मग विचारायचं, लोकांना इंटरेस्ट का नाही?

बरं, त्या मुलाने काही आठवड्यांनी पुन्हा मेल सोडला, न सांगता, आधीपेक्षा अवघड. मग मध्येच केव्हातरी अजून एक. तेव्हा वाटलं, छळतोय. पण तेच तर खरं शिकवणं होतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 सालीच लिहून ठेवलंय की पाठ केलेलं आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतं, आणि उजळणी थोड्या थोड्या अंतराने केली तर जास्त टिकतं. त्याने स्वतःवर प्रयोग केले, तेही निरर्थक अक्षरं पाठ करून. आमच्या कोर्सची भाषा बघता साहित्य तेच दिसतंय, फक्त उजळणी तेवढी वर्षातून एकदा.

ट्रेनिंगमध्ये काम करणारी माझी एक मैत्रीण आहे. मघाशी तिला फोन करून तडतडले. ती शांतपणे म्हणाली, ‘आम्हाला काय मिळतं माहितेय? लीगलकडून आलेली ढीगभर स्लाइड्सची फाइल आणि एक ओळ, शुक्रवारपर्यंत इंटरॅक्टिव्ह करून द्या. एक शब्द बदलायचा नाही.’ ऐकून जरा वरमले. ती कार्टून बाई कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणातून आलीय म्हणजे. तिच्यावर निघालेला राग मागे घेते. ऑडिटला नोंद दाखवावी लागते, हजारो माणसांच्या कंपनीत प्रत्येकाच्या टेबलाशी खुर्ची ओढता येत नाही, हेही मान्य. आमच्या टीममधली दोन पोरं लीडरबोर्डवर जीव टाकतात, तेही मान्य. खेळा बापडे.

पण मग तिनेच सांगितलेली गोष्ट ऐका. हे कोर्स कंपनीच्या सिस्टिमशी बोलतात त्याचं स्कॉर्म नावाचं एक मानक आहे. त्याची 2001 साली आलेली आवृत्ती अजून सर्रास चालते. त्यात माणसाची अवस्था नोंदवायला ठरलेले शब्द आहेत: पास, नापास, पूर्ण, अपूर्ण, नुसतं चाळलं, हात लावला नाही. संपलं. पुढे त्या माणसाने कामात काय वेगळं केलं, याला त्यात जागा नाही. आणि साहेब लोकांच्या मीटिंगमध्ये दाखवतात तो हिरवा तक्ता यातूनच निघतो! शंभर टक्के पूर्ण. टाळ्या.

त्या मुलाकडेही मागितली होती यादी, कोण कोण फसलं त्याची. त्याने एकूण आकडा दिला, नावं दिली नाहीत. म्हणाला, नावं दिली तर उद्यापासून कुणी मला मेल दाखवायला येणार नाही. आणि लोक खरंच यायचे हो त्याच्याकडे, चहाच्या सुट्टीत मोबाइल पुढे करून, ‘हा बघ रे, हा खरा की खोटा?’ चुकलं तर हसं होणार नाही, ही खात्री असली की मोठी माणसंही आपणहून शिकायला येतात. सीसीत साहेब घालून नाही येत.

पुढे त्याच मॅडमना एका पुरवठादाराचा मेल आला, आमचं बँक खातं बदललंय, यापुढे नव्या खात्यात पैसे टाका. पत्ता बरोबर, भाषा बरोबर. मॅडमनी मेलमधला नंबर लावलाच नाही, आपल्या जुन्या फाइलमधला नंबर काढून फोन केला. खातं बिलकुल बदललं नव्हतं. पुरवठादाराचाच मेल कुणीतरी फोडला होता. हे कुठल्या तक्त्यात धरणार तुम्ही?

कोर्स संपल्यावर आज फीडबॅक फॉर्म आला, पाच तारे आणि खाली इवलासा चौकोन. तारे दिले नाहीत. चौकोनात लिहिलं, ‘पुढच्या वर्षी परीक्षा आधी घ्या. ज्यांना येतंय त्यांना सोडून द्या, ज्यांना येत नाही त्यांना तेवढंच शिकवा, तेही त्यांच्या कामातली उदाहरणं घेऊन. आणि कृपया महिनाअखेरीला नको.’